झोंबीपटांची वही: २७ पैकी १९, आणि दाराचा रकाना

वहीतला आकडा काल रात्री १९ वर पोचला. जूनच्या पहिल्या पावसात ठरवलं होतं की १९३२ पासून २०२२ पर्यंतचे २७ झोंबीपट सालवार बघायचे, आधी पाहिलेलेही पुन्हा. रविवारी रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की मी लॅपटॉप उघडते. आठवड्याला एक, सुट्टी जोडून आली तर दोन. मधले गणपतीचे दहा दिवस कोरे गेले. लालबागमध्ये राहणाऱ्याला त्या दिवसांत घरात टेकायला मिळत नाही.

सुरुवातीला वहीत चारच रकाने होते: साल, दिग्दर्शक, मेकअप, गुण. तिसऱ्या सिनेमानंतर पाचवा आखला आणि पहिले दोनही त्यात बसवून पाहिले. त्या रकान्याचं नाव 'दार'. कुठलं दार, ते कशानं अडवलं, शेवटी कोणी उघडलं. आता माझे गुण जवळजवळ त्यावरूनच ठरतात. झोंबी धडका मारून दार तोडतात ते सिनेमे महिन्याभरात पुसट होतात. आतलाच माणूस उठून कडी काढतो, ते राहतात.

पहिला 'व्हाइट झोंबी', १९३२. दिग्दर्शक व्हिक्टर हॅल्परिन, मुख्य भूमिकेत बेला लुगोसी. यातला झोंबी माणूस खात नाही, हैतीतल्या साखर कारखान्यात मालकासाठी राबतो. घाण्याभोवती मुकाट फिरणारी माणसं, लाकडाची न थांबणारी करकर. एक जण तोल जाऊन घाण्यात पडतो आणि बाकीचे फिरतच राहतात. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या पाळ्यांच्या गोष्टी ऐकत वाढले म्हणून असेल, एवढा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. सिनेमाला १० पैकी ५, त्या करकरीला पूर्ण १०. दाराच्या रकान्यात रेघ मारली.

तिसरा होता 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८, जॉर्ज रोमेरो. कॉलेजात असताना हा मी इतक्या धुरकट प्रिंटवर पाहिला होता की निम्मा सिनेमा अंदाजानंच समजून घेतला. त्या खराब प्रिंटमागचं कारण आपल्यातल्या बहुतेकांना माहीत असेलच: ऐन वेळी सिनेमाचं नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवरून कॉपीराइटची ओळ गळली आणि सिनेमा सगळ्यांच्या मालकीचा झाला. मग ज्यानं त्यानं आपली प्रत काढून विकली. २०१६ साली मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली प्रत आली, ती मी या वेळी पाहिली. सिनेमाचा नायक बेन टेबल मोडतो, फळ्या गोळा करतो आणि एकेक खिळा ठोकत शेतघराच्या खिडक्या बुजवतो. या प्रतीत लाकडाच्या रेषा दिसतात. फळीला फळी नीट जुळत नाही, मधे बोटभर फट राहते, आणि त्या फटीतून पुढे हात आत येणार हे ठाऊक असूनही मी लॅपटॉपपासून मागे सरकले. सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये केलेला सिनेमा, रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप, आणि 'झोंबी' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही.

खरी मारामारी आहे ती तळघराच्या दारावरून. आधीपासून तळघरात लपलेला कूपर म्हणतो खाली जाऊ, तिथं एकच दार आहे. बेन म्हणतो वर राहू, खाली कोंडले जाऊ. बेन धीट, समंजस, आणि ड्वेन जोन्सनं तो असा उभा केलाय की आपण डोळे झाकून त्याच्या बाजूला जातो. कूपर तर बाहेरून आलेल्या बेनला दारच उघडत नाही. आणि शेवटी रात्र निघते ती तळघरातच, बेन एकटा, त्याच दाराच्या आड. म्हणजे कूपर माणूस म्हणून वाईट होता, पण दाराबद्दल त्याचं बरोबर होतं. यावर माझं आणि माझ्या भावाचं जुनं भांडण आहे, तो अजून बेनच्याच बाजूनं बोलतो. सकाळी बेन खिडकीशी येतो तेव्हा काय होतं ते इथं लिहिणार नाही. कोणी पहिल्यांदा बघणार असेल तर त्याची ती सकाळ मला बिघडवायची नाही. १० पैकी १०.

रोमेरोचा 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) दाराच्या रकान्यात सगळ्यात जास्त जागा खाऊन बसलाय. पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्रीचं चित्रीकरण. चौघं जण ट्रक आडवे लावून मॉलची दारं अडवतात आणि स्वतःच्या जिन्यापुढे खोटी भिंत उभारतात. भिंत झोंबींना कधीच कळली नसती. पण चौघांतला स्टीफन स्वतः झोंबी होतो, आणि त्याच्या पायांना घरची वाट आठवते. तो सगळ्यांना घेऊन त्या भिंतीशी येतो. मेकअप करणाऱ्या टॉम सॅव्हिनीच्या निळसर चेहऱ्यांबद्दल लोक बोलतात, मला स्टीफनची ती फरपटती चाल जास्त लागते. 'डे ऑफ द डेड' (१९८५) मध्ये तर आतलाच एक सैनिक, मिगेल, मुद्दाम झोंबींना आत आणतो. तिन्हींत दाराचा दोष आतल्या माणसाकडे जातो, हे सलग पाहिल्यावरच ध्यानात आलं.

'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' (१९८५): झोंबींना मेंदूच हवा असतो हे इथलं, रोमेरोचं नाही. ७. इटालियन दिग्दर्शक फुल्चीच्या १९७९ च्या सिनेमातली शार्क आणि झोंबीची पाण्याखालची झटापट: ८, निव्वळ धाडसासाठी. 'गो गोवा गॉन' (२०१३) पुन्हा पाहताना पहिल्याइतकाच आवडला.

'२८ डेज लेटर' (२००२) डॅनी बॉइलनं डिजिटल टेपच्या छोट्या कॅमेऱ्यावर केला, म्हणून चित्र खरबरीत आहे. रिकामं लंडन सगळ्यांच्या लक्षात असतं. मी थांबले ते त्यातल्या फ्रँक नावाच्या माणसाच्या इमारतीपाशी. जिन्यात ट्रॉल्यांचा ढीग रचून वाट अडवलेली, आणि वर गच्चीवर पावसासाठी मांडलेल्या रंगीबेरंगी बादल्या, टब, भांडी. सगळी कोरडी. आमच्या गॅलरीत प्रत्येक दारासमोर पिंप असतं. झोंबीच्या आधी पाणी संपतं, हे चाळीतल्या माणसाला कोणी समजावायला नको.

'रेक' (२००७), बार्सिलोनातली एक इमारत, बाहेरून सील केलेली. हा मी २०२० नंतर पहिल्यांदाच पुन्हा लावला. त्या वर्षी आमच्या चाळीच्या तोंडाशीही बांबू बांधले होते आणि आम्ही गॅलरीतून पलीकडच्या रस्त्याकडे बघत राहायचो. सिनेमा सव्वा तासाच्या थोडा वर आहे, मला दोन रात्री लागल्या. ९.

काल एकोणिसावा: येऑन सांग-होचा 'ट्रेन टू बुसान', २०१६. यातल्या झोंबींना डब्याचं सरकतं काचेचं दार उघडता येत नाही. दिसलं तरच ते धावून येतात, म्हणून एक बाई काच ओली करून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवते. धावताना दारंच न लागणाऱ्या साध्या लोकलमधून वीस वर्षं प्रवास केलेल्या माणसाला ते ओलं वर्तमानपत्र केवढं मोठं वाटतं! बोगद्यात अंधार झाला की आंधळे होणारे झोंबी, सामानाच्या फळीवरून सरपटत पार केलेले डबे, सगळं डोक्यात पक्कं बसलं आहे.

आई असले सिनेमे बघत नाही. काल ती बाजूला लसूण सोलत बसली होती आणि मधूनमधून "आता काय म्हणाला गं?" विचारत होती, म्हणून सबटायटल्स वाचून दाखवत होते. पुढच्या डब्यातली माणसं मागून जीव वाचवून आलेल्यांना आत घेत नाहीत, तिथं तिचे हात थांबले. त्या डब्यात दोन म्हाताऱ्या बहिणींपैकी एक आहे. दुसरी काचेपलीकडे, झोंबी झालेली. आतली बहीण तिच्याकडे बघते, डब्यातल्या माणसांकडे बघते, आणि उठून दार उघडते.

"उघडणारच ती," आई म्हणाली. "सख्खी बहीण बाहेर, आणि या असल्या माणसांबरोबर आत बसायचं?"

मी आजवर त्या प्रसंगाला सूड म्हणत आले होते. रात्री वहीत 'कोणी उघडलं' समोर आधी लिहिलेलं 'म्हातारी' खोडून 'बहीण' लिहिलं. १०.

उरलेले आठ: 'सोल स्टेशन', 'मिरुथन', 'कार्गो', 'वन कट ऑफ द डेड', 'अलाइव्ह', 'पेनिन्सुला', 'झोंबी रेड्डी' आणि शेवटी आपला 'झोंबिवली'. आदित्य सरपोतदारचा हा सिनेमा २०२२ मध्ये थिएटरात पाहिला तेव्हा दाराचा रकाना नव्हता. पडद्यावर डोंबिवली, मराठीत ओरडणारी माणसं, एवढ्यानंच मी हरखले होते. आता गृहसंकुलाचं फाटक आणि पलीकडची वस्ती डोक्यात ठेवून बघायचा आहे. आईनं विचारलंय की तो मराठी आहे ना, मग तिलाही दाखव. भावालाही बोलावलंय.