हुमणी की खतातली अळी? दोन नंबरच्या वाफ्याचं कोडं सुटलं

मंडळी, मिरचीची रोपं कोण मारतंय ते अखेर कळलं. आच्छादन जाड, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची) छान, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण) वेळेवर, तरी दोन नंबरच्या वाफ्यात एकेक रोप माना टाकत होतं, हे मागे लिहिलंच आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मर रोगाचा अंदाज केला होता. पण खोड उभं चिरून पाहिलं तर आत तपकिरी रेघ नाही. आणि रोप ओढलं की अलगद हातात येतं, खाली मुळं जवळजवळ नाहीतच. कुरतडलेली.

उत्तर सापडलं ते रविवारच्या कंपोस्ट कार्यशाळेत. ढीग उलटायला घेतला आणि कडेच्या थंड थरात पांढऱ्या, जाडजूड, वाकड्या अळ्याच अळ्या. शिकायला आलेली मंडळी मागे सरली. शेजारच्या रानातले आप्पा बांधावरून म्हणाले, "अगं, हुमणीच ती. शेणखतातूनच येते. ढीग पेटवून दे."

"आप्पा, जरा दम धरा," म्हटलं आणि प्लायवूडची फळी मागवली. तिच्यावर एका बाजूला ढिगातल्या अळ्या ठेवल्या, दुसऱ्या बाजूला वाफ्यातून उकरून काढलेल्या. ढिगातल्यांनी लगेच उताणं होऊन पाय आभाळाकडे केले आणि पाठीवरच सरसर निघाल्या. वाफ्यातल्या मात्र कुशीवर इंग्रजी 'सी'सारख्या पडून राहिल्या, पायांनी कशाबशा सरकत होत्या. लहान मुलांनी तर पाठीवर चालणाऱ्यांची शर्यतच लावली.

पाठीवर चालते ती फुलांवर येणाऱ्या भुंग्यांची अळी. ती कुजलेला पालापाचोळा खाते, तिची लेंडी म्हणजे उत्तम खत. कुशीवर पडते ती हुमणी, जिवंत मुळं खाणारी. (नारळ पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याची अळीही खतात सापडते आणि कुशीवरच पडते, पण ती पूर्ण वाढली की अंगठ्याहून जाड होते. नारळवाल्यांनी लक्षात ठेवा.) आप्पांनी स्वतः आणखी पाच-सहा अळ्या फळीवर टाकून पाहिल्या आणि मग ढीग वाचला.

मग हुमणी एकाच वाफ्यात का? तिथे गेलेलं शेणखत बाहेरचं आहे. ट्रॉलीवाल्याने 'पूर्ण कुजलेलं' म्हणून दिलं, पण आत हात घातला तर गरम आणि वासही कच्च्या शेणाचा. अशा खताकडे अंडी घालायला हुमणीच्या भुंगेऱ्यांच्या (म्हणजे मोठ्या झालेल्या किड्यांच्या) माद्या ओढल्या जातात, शिवाय वाफ्याला लागूनच कडुनिंब आहे. वळीव झाला की भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. विकतचं खत घेणारच असाल तर ट्रॉली रिकामी व्हायच्या आत मूठभर उचलून हुंगा.

उपाय म्हणून मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी चाळलेल्या जुन्या खतात मिसळून ओलीवर दिलंय. तालुक्याच्या दुकानातल्या पुड्यावर तारीखच नव्हती, म्हणून कृषी विज्ञान केंद्रातून आणलं. जिवंत बुरशी आहे, उन्हात तापलेल्या पुड्यात काय उरणार? काल उकरताना एक मेलेली अळी मिळाली, कडक झालेली, अंगावर हिरवट भुकटी. बुरशी लागली! इतका आनंद पहिल्या भेंडीलाही झाला नव्हता.

माती उलटायची नाही हा आपला नियम, पण अळ्या वेचायला हा एक वाफा मी उघडणार आहे. अळ्या आता पूर्ण वाढलेल्या आहेत, थंडीत कोषात जातील, मग जूनमध्ये पुन्हा तेच. काम गार्डन फोर्कनेच करा, फावड्याने गांडुळं चिरतात. ऑनलाइन मिळणाऱ्या फोर्कचे दाते आमच्या मुरमाड जमिनीत वाकतात. सासवडच्या लोहाराकडून करून घेतलेला वजनाला जड आहे, पण वाकत नाही.

हे लिहिता लिहिता सुचलं: वेचायचं कशाला, कोंबड्या आहेत की! बांबू आणि जाळीचा फिरता खुराडा वाफ्याच्या मापाचा केला, तर माती सैल करून त्यांना आत सोडता येईल. उकरणं, वेचणं आणि खत टाकणं एकदमच. म्हणजे पुढच्या कार्यशाळेत केळीचं वर्तुळ (पालापाचोळ्याच्या खड्ड्याभोवती गोल लावलेल्या केळी) नको, खुराडाच बांधू. वर्तुळाचा खड्डा खणून तयार आहे, तो थांबेल.

समपातळी चराचं (पाणी अडवायला उताराला आडवा, एका पातळीत खणलेला) एका ओळीत सांगते: मागच्या गटाने बांबूच्या ए-फ्रेमने (पातळी बघायची इंग्रजी 'ए'सारखी चौकट) आखलेला चर परवाच्या पावसात काठोकाठ भरला, कुठेही फुटला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पाणी जिरलं. पुरंदरच्या पावसात हे फार मोठं आहे.

वळवानंतरच्या संध्याकाळी कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायची कार्यशाळा नक्की ठेवणार. तारीख आधी सांगता येणार नाही, पाऊस पडला की त्याच दिवशी कळवेन. येणाऱ्यांनी बॅटरी आणि जुनी चादर आणा. गोळा केलेले भुंगेरे मारायला रॉकेल मिळणं अवघड झालंय, त्याऐवजी साबणाचं दाट पाणी पुरतं का, कुणी करून पाहिलंय का?