प्राध्यापकांची निवडणूक आणि मतदार यादीबाहेरचे प्राध्यापक

कर्नाटकातील आमच्या मराठी सीमाभागातील अनुदानित महाविद्यालयांच्या प्राध्यापक संघटनेची निवडणूक जाहीर झाली आणि स्टाफरूममध्ये पॅनेलांची जुळवाजुळव सुरू झाली. अध्यक्ष कोणत्या संस्थेचा, सचिव कोणत्या तालुक्याचा, मराठी भाषकांना एक जागा द्यायची की दोन, कोणाची समजूत काढून अर्ज मागे घ्यायला लावायचा, यावर भरपूर खल झाला. वेतनाचा विषय मात्र पत्रकातल्या चार ओळींत आटोपला: महागाई भत्त्याची थकबाकी, रिक्त जागा, जुनी पेन्शन. या मागण्या रास्तच आहेत. कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेल्यांना जुन्या पेन्शनऐवजी एनपीएस, म्हणजे वर्गणीवर आधारित राष्ट्रीय पेन्शन योजना, लागू आहे आणि माझी नेमणूक त्यानंतरची असल्यामुळे जुन्या पेन्शनमध्ये माझाही स्वार्थ आहे. तरीही या सर्व मागण्या मतदार यादीत नाव असलेल्यांच्या आहेत, आणि आज बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात रोजचे तास घेणाऱ्या कितीतरी अतिथी (गेस्ट) प्राध्यापकांचे, म्हणजे कायम न करता दर वर्षी मानधनावर नेमलेल्यांचे, नाव त्या यादीत नाही.

प्रचाराला आलेले उमेदवार आमच्या स्टाफरूममध्ये पत्रके वाटत होते. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकारी मॅडमच्या हाती पत्रक दिल्यावर त्यांतील एकाने विचारले, "मॅडम, आपण पर्मनंट ना?" त्या "नाही सर, गेस्ट" म्हणाल्या. त्यावर त्याने हसून ते पत्रक परत घेतले आणि शेजारच्या टेबलावरील सरांना दिले. बहुधा पत्रके कमी छापली असावीत. मॅडमही काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा उत्तरपत्रिका ओढल्या आणि तपासायला घेतल्या.

शासकीय पदवी महाविद्यालयांतील अतिथी प्राध्यापकांनी जे मिळवले, ते बहुतांशी स्वतः रस्त्यावर उतरून मिळवले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे मानधन पात्रता आणि अनुभवानुसार दरमहा २६ ते ३२ हजारांपर्यंत गेले, पण त्याबरोबर आठवड्याचे तासही वाढून १५ झाले, त्यामुळे काम तेवढेच राहून माणसे कमी लागतील ही भीती लगेच उभी राहिली. सेवेत कायम करा, या मागणीसाठी नोव्हेंबर २०२३ पासून त्यांनी तासांवर पुन्हा बहिष्कार घातला. तेव्हा सरकारने सेवेच्या वर्षांनुसार ५ ते ८ हजारांची वाढ, ५ लाखांचा आरोग्य विमा आणि साठीनंतर ५ लाखांची एकरकमी रक्कम देऊ केली. कायम करण्याची मूळ मागणी मात्र तशीच राहिली. दर डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरले की जवळच्या कोंडसकोपच्या आंदोलन मंडपात कोण ना कोण शिक्षक बसलेले असतात, हे बेळगावकरांना सांगायला नको. खासगी अनुदानित महाविद्यालयांत संस्थेने नेमलेल्यांची स्थिती याहून अवघड आहे, कारण त्यांचे मानधन संस्था ठरवते आणि सरकारी वाढ त्यांच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

निपाणीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. शहर कर्नाटकात, त्यातील महाविद्यालये राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. शहराला चिकटून असलेले अर्जुननगर मात्र महाराष्ट्रात, कागल तालुक्यात, आणि तिथले देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या दोन प्राध्यापकांपैकी एकाचा वेतन आदेश बेंगळुरूहून कन्नडमध्ये निघतो, तर दुसऱ्याचा मुंबईहून मराठीत. पलीकडे महाराष्ट्रात तासिका तत्त्व म्हणजे सीएचबी, दर तासाच्या मानधनावर शिकवणारे; इकडे कर्नाटकात अतिथी. नाव वेगळे, पण सुटीच्या महिन्यांत हात रिकामे राहतात ते दोघांचेही. महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी २०१३ मध्ये थकबाकीसाठी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला आणि ७१ दिवसांचे वेतन अडकले, ही गोष्ट आमच्याकडचे ज्येष्ठ अजूनही सांगतात, बहुतेक वेळा कोणी संपाचे नाव काढले की.

नव्या पदाधिकाऱ्यांना घोषणांपेक्षा कायदा अधिक यावा, असे माझे मत आहे. शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात ठरवले, त्यामुळे कामगार न्यायालयाची वाट आपल्याला सहसा मोकळी नाही. उलट ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेच्या, तेव्हाच्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यात हा हक्क साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेवर अवलंबून होता, त्यामुळे दर वर्षी नेमणुकीत दाखवला जाणारा खंड हाच भांडणाचा खरा मुद्दा ठरत आला. नेमणूकपत्रे, हजेरीपत्रके आणि बँकेतील नोंदी जपून ठेवा, एवढे जरी संघटनेने अतिथी मंडळींना वेळेवर सांगितले असते, तरी पुढची बरीच धावपळ वाचली असती.

मतदानापूर्वीच्या सर्वसाधारण सभेत मी संघटनेच्या घटनेत दुरुस्तीचा ठराव मांडणार आहे: सलग दोन शैक्षणिक वर्षे शिकवलेल्या अतिथी प्राध्यापकांना निम्म्या वर्गणीत सभासदत्व, मताचा पूर्ण अधिकार आणि कार्यकारिणीत किमान एक जागा. या निवडणुकीला तो लागू होणार नाही, याची मला कल्पना आहे. दोन्ही पॅनेलांच्या प्रमुखांकडे मी त्याची प्रत मराठीत आणि कन्नडमध्ये दिली आहे. एकाने "निवडणूक होऊन जाऊ द्या, मग बघू" असे सांगितले, तर दुसऱ्याने अनुमोदक कोण, एवढेच विचारले. अनुमोदक मिळाला आहे, आणि तोही कायम सेवेतलाच आहे.