चोवीस कामट्या

17 ऑक्टोबर 2025, शुक्रवार. वसुबारस.

आज अर्ध्या दिवसाची रजा काढून आकाशकंदील करायला बसले. बुरूड आळीतून आणलेल्या कामट्या काल रात्रीच घासून गुळगुळीत केल्या होत्या, बोहरी आळीतला पतंगी कागद गुंडाळी करून कपाटावर ठेवला होता आणि आत्याने सकाळीच मैद्याची खळ शिजवून, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून, झाकून ठेवली होती. इतकी जय्यत तयारी असूनही सांगाड्याचा शेवटचा कोपरा काही केल्या जुळेना.

आमच्या घरी कंदील होतो तो जुन्या वळणाचाच. चार चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा बांधायचा, वरची चार टोके चार कामट्यांनी जोडायची आणि खालचीही तशीच. म्हणजे एकूण 24 कामट्या, आणि त्यांतून सहा चौकोन व आठ त्रिकोण तयार होतात. उभे चौकोन कलंडू नयेत म्हणून प्रत्येकात एक आडवी कामटी ताणून बसवावी लागते. बाजू 9 इंचांची असेल तर ही आडवी कामटी पावणेतेरा इंचांना अगदी किंचित कमी भरते, हे अण्णांना तोंडपाठ होते. त्यांचा सगळा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला, त्यामुळे केसाएवढा फरकही त्यांच्या डोळ्यांना खुपत असे. पहिली कामटी पट्टीने मोजून कापायची, तिला खूण म्हणून लाल दोरा गुंडाळायचा आणि उरलेल्या 23 कामट्या तिच्याशीच ताडून कापायच्या, हा त्यांचा नियम.

मी आज लाल दोरा शोधायचा कंटाळा केला. नुकत्याच कापलेल्या कामटीवरून पुढची, तिच्यावरून त्यापुढची, असे करत गेले. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढे माप वाढले आणि विसावी कामटी पहिलीपेक्षा जवळजवळ अर्धा इंच लांब निघाली. एकेकटी पाहिली तर एकही कामटी चुकलेली वाटत नव्हती.

लहानपणी मला या मोजमापाचा फार कंटाळा येई. पट्टी घेऊन बसण्यात कला कसली, कला म्हणजे आत्याचे कातरकाम, असे माझे ठाम मत होते. आत्या कागदाची घडी घालते, तिच्यावर आणखी एक घालते, कात्री क्षणभर हवेत धरते आणि मग शेजारणीशी बोलता बोलता कापत सुटते. पेन्सिल नाही, खूण नाही. कपटे मांडीवर पडत राहतात आणि घडी उलगडली की कधी कमळ निघते, कधी नुसती जाळी. आज मी तिला विचारले, "काय काढायचं ते आधी कसं ठरवतेस?" त्यावर ती म्हणाली, "ठरवत बसले असते तर दिवाळी निघून गेली असती गं." काही वर्षांपूर्वी तिचेच एक कमळ मी आलेखाच्या कागदावर उतरवून घेतले होते आणि आठही त्रिकोणांवर तंतोतंत तेच कापून चिकटवले होते. कंदील नेटका झाला खरा, पण बाजारातून आणल्यासारखा दिसत होता. आत्या त्याबद्दल काही बोलली नाही. तिचे न बोलणे आम्हाला कळते.

मला स्वतःला या दोघांतले काहीच धड जमत नाही. मी आधी वर्तमानपत्राच्या कागदावर नमुना करते, तो मोडते, पुन्हा करते, आणि खऱ्या कागदाला हात लावेपर्यंत संध्याकाळ होते. मात्र आज सांगाडा सोडवताना जाणवले की अण्णा कागदाच्या कामात कधीच लुडबुड करत नसत. पट्टी बाजूला ठेवून ते आत्याला "आता तुझं" म्हणत आणि चहाला उठत. मी मात्र पट्टी कागदावर नेली होती आणि आज आत्याचा अंदाज कामट्यांवर आणला.

लेकीची तऱ्हा आणखी वेगळी. मी टाकून दिलेल्या लांब कामट्या गोळा करून तिने पाच बाजूंचे काहीतरी बांधले आणि कंदील होण्याआधीच त्याला सात शेपट्या लावल्या. रंग विचारून घेतले नाहीत, खळ मात्र माझ्या वाटीतली संपवली.

दिवेलागणीपर्यंत नव्या कामट्या कापून सांगाडा पुन्हा बांधला, या वेळी लाल दोऱ्यासकट. कागद लावायला वेळच उरला नाही. वसुबारसेला कंदील लागलाच पाहिजे, असे आत्याचे म्हणणे पडले, म्हणून आत दिवा सोडून नुसता सांगाडाच गॅलरीत टांगला आहे. त्याच्या सावल्या समोरच्या भिंतीवर हलत आहेत आणि लेक त्या बोटाने मोजते आहे. तिच्या मोजणीत दर वेळी 28 भरतात, कारण ती आडव्या चारही धरते.