तुम्ही विचारलंत म्हणून: गेम जॅमच्या आधी काय करून ठेवायचं?

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या तासांत, दिलेल्या विषयावर गेम बनवायचा. त्याबद्दलचा प्रश्न साधारण असा असतो: “कोडिंग येतं, दोन-चार ट्यूटोरियल पूर्ण झालीत, शनिवार-रविवारच्या गेम जॅममध्ये उतरायचं ठरवलंय. पण विषय तर सुरू होताना कळतो. मग आधी तयारी करायची तरी कशाची?”

शेवटाची. रविवारी रात्री जे करावं लागणार आहे, ते आधीच्या बुधवारी एकदा करून बघायचं. गेम आधी बनवता येत नाही, पण तो खेळणाऱ्यापर्यंत पोचवायची वाट पायाखालची करून घेता येते. अर्धवट राहिलेले बहुतेक गेम कल्पना वाईट होती म्हणून राहत नाहीत. शेवटच्या दोन तासांत एक्सपोर्ट (इतरांना चालवता येईल असा गेम बाहेर काढणं) होत नाही, झाला तर चालत नाही आणि चालला तर अपलोड होत नाही, म्हणून राहतात.

आधी कुठल्या जॅममध्ये उतरताय ते बघा, कारण प्रत्येकाचे नियम वेगळे. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे. त्यातला ‘कॉम्पो’ हा गट म्हणजे ४८ तास, एकट्यानं, चित्रं आणि आवाजासकट सगळं त्याच वेळात केलेलं आणि सोर्स कोडही द्यायचा. त्याच लुडम डेअरचा ‘जॅम’ हा गट ७२ तासांचा असतो, टीम चालते आणि तयार साहित्यही चालतं. मात्र चित्रं किंवा आवाज तयार घेतले असतील तर त्या गुणांतून आपण होऊन बाहेर पडायचं असतं. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून जानेवारीच्या अखेरीस होतो आणि त्याची मूळ गंमत एका ठिकाणी जमून काम करण्यात आहे. ‘गेम मेकर्स टूलकिट’ या यूट्यूब चॅनेलचा जीएमटीके जॅम २०१७ पासून इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटवर भरतो. त्याचा कालावधी मधल्या वर्षांत बदललाय, म्हणून गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. एआयनं बनवलेली चित्रं चालतात का, चालत असतील तर सांगावं लागतं का, हेही नियमांतच असतं. नियम वाचायला वीस मिनिटं पुरतात आणि ती शुक्रवारी रात्री मिळत नाहीत.

आता बुधवारचं काम. एक चौकोन करा. बाणांच्या कळांनी तो हलला पाहिजे. दुसऱ्या चौकोनाला लागला की आवाज यावा, ‘संपलं’ असं दिसावं आणि आर दाबलं की पुन्हा सुरू व्हावं. बस. मग हा ‘गेम’ ब्राउझरसाठी एक्सपोर्ट करून इचवर ड्राफ्ट म्हणून चढवा आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडा. कागदावर हे तासाभराचं काम आहे. पहिल्या खेपेला संध्याकाळ जाते आणि ती बुधवारीच जावी.

ब्राउझरसाठीच का? कारण अनोळखी माणसाची .ईएक्सई डाउनलोड करून चालवायला लोक कचरतात, विंडोज इशारा देतं आणि मॅकवाला परत जातो. ब्राउझरमधला गेम एका क्लिकवर उघडतो, म्हणून तो जास्त खेळला जातो.

गेम बनवायला गोडो हे इंजिन वापरत असाल तर नवीन प्रोजेक्ट उघडतानाच रेंडरर (पडद्यावर चित्र रंगवणारा भाग) ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडा. वेबवर तोच चालतो. ‘फॉरवर्ड प्लस’ या दुसऱ्या रेंडररमध्ये दोन दिवस प्रकाश आणि शेडर जुळवलेत, तर ब्राउझरमध्ये ते भलतेच दिसतील. गोडो ४ मध्ये सी शार्पचा प्रोजेक्ट वेबवर एक्सपोर्ट होत नाही, तिथे गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्टच हवी. एक्सपोर्ट टेम्प्लेट्स वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. फाइल मोठी असते आणि एडिटरची नि टेम्प्लेटची आवृत्ती तंतोतंत एक लागते. म्हणून जॅमच्या आठवड्यात एडिटर अपडेट करू नका, कितीही मोह झाला तरी. गोडो ४ च्या ४.३ आधीच्या आवृत्त्यांत वेब एक्सपोर्ट थ्रेड (एकाच वेळी चालणारी समांतर कामं) वापरायचा, त्यामुळे इचच्या पानावर शेअर्डअ‍ॅरेबफर या पर्यायावर खूण करावी लागायची. ४.३ पासून थ्रेडविना एक्सपोर्ट होतो आणि ही कटकट संपली.

युनिटी या दुसऱ्या इंजिनात वेबचं मॉड्यूल ‘युनिटी हब’मधून आधी बसवून घ्यावं लागतं. पहिला बिल्ड (कोडमधून चालणारा गेम तयार करणं) फार वेळ खातो, कारण सी शार्पचा कोड आधी सी प्लस प्लसमध्ये आणि मग ब्राउझरला चालवता येणाऱ्या वेबअसेंब्लीत बदलला जातो. रविवारी रात्री बिल्डची पट्टी सरकताना बघत बसण्यासारखी शिक्षा नाही. कॉम्प्रेशनमुळे गेम लोड होताना अडकला, तर पब्लिशिंग सेटिंगमधलं ‘डीकॉम्प्रेशन फॉलबॅक’ चालू करा.

झिपमध्ये इंडेक्स.एचटीएमएल ही फाइल अगदी वरच्या पातळीवर, ह्याच नावानं हवी. फोल्डरवर राइट क्लिक करून झिप केलंत की ती एक पातळी आत जाऊ शकते आणि इचला ती दिसत नाही. फोल्डर उघडा, आतल्या सगळ्या फाइल निवडा आणि मग झिप करा. इचची मर्यादा अशी: झिपमध्ये हजारापेक्षा जास्त फाइल नकोत, उलगडल्यावर एकूण ५०० एमबीच्या आत आणि एकेक फाइल २०० एमबीच्या आत. जॅमचा गेम इतका फुगत नाही. फुगलाच तर समजावं की पार्श्वसंगीत डब्ल्यूएव्ही या जड प्रकारच्या फाइलमध्ये पडलंय. ते ओजीजी या हलक्या प्रकारात करून घ्या.

मग गेम चढतो, काळी चौकट दिसते आणि पुढे काही नाही. इथे पहिला संशय नावांवर घ्या. कोडमध्ये ‘प्लेअर.पीएनजी’चा पी मोठा आहे आणि फोल्डरमधल्या फाइलचा लहान. विंडोजला दोन्ही सारखेच, म्हणून घरी सगळं सुरळीत. इचच्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. उपाय सोपा आणि कंटाळवाणा: पहिल्या दिवसापासून सगळी नावं लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता. दुसरा संशय साध्या टेक्स्ट फाइलवर. गोडोत संवाद .टीएक्सटीमध्ये ठेवले तर एडिटरमध्ये ते वाचले जातात, पण एक्सपोर्टच्या यादीत .टीएक्सटीचा फिल्टर टाकला नसेल तर एक्सपोर्ट झालेल्या गेममध्ये येतच नाहीत.

आवाज आला नाही तर बहुतेक वेळा दोष तुमचा नसतो. ब्राउझर माणसानं पानावर काहीतरी दाबल्याशिवाय आवाज सोडत नाहीत. म्हणून पहिला पडदा ‘सुरू करायला क्लिक करा’ असाच ठेवा. त्याच क्लिकनं कीबोर्डचा ताबाही गेमकडे येतो, नाहीतर बाण दाबले की पान खालीवर सरकतं. हलवायला डब्ल्यू, ए, एस, डी या कळांसोबत बाणांच्या कळाही चालू ठेवा, कारण फ्रेंच कीबोर्डवर यातली डब्ल्यू आणि ए ही अक्षरं वेगळ्या जागी असतात. आणि एस्केपवर काही महत्त्वाचं ठेवू नका, ती कळ ब्राउझर फुलस्क्रीनमधून बाहेर पडायला वापरतो.

“गेम मराठीत करता येईल का?” हाही प्रश्न याच्या पाठोपाठ येतोच. येईल, पण ही तपासणीसुद्धा बुधवारचीच. देवनागरीत अक्षरं नुसती ओळीनं मांडून भागत नाही. ‘कि’ची वेलांटी साठवली जाते क नंतर आणि दिसावी लागते आधी, जोडाक्षरं जुळवावी लागतात. ही जुळणी करणारं यंत्र गोडो ४ मध्ये आत बसवलेलं आहे आणि फेझरसारख्या ब्राउझरच्या साधनांत ते काम ब्राउझरच करतो. युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोला ते जमत नाही: ‘किल्ली’ लिहा, वेलांटी ल च्या डोक्यावर जाऊन बसते आणि ‘ल्ल’चा पाय मोडून हलन्त उघडा पडतो. तिथे मोजकेच शब्द असतील तर ते कृता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून चित्र म्हणून आणावेत, वेळ वाचतो.

गोडोतही एक फसगत आहे. एडिटरमध्ये मराठी छान दिसतं, कारण गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसली की तो संगणकातला फॉन्ट उसना घेतो. ब्राउझरमध्ये उसना घ्यायला फॉन्ट नाही, तिथे नुसते रिकामे चौकोन. म्हणून मुक्ता किंवा बालू यांसारखा खुल्या परवान्याचा फॉन्ट प्रोजेक्टमध्येच टाकून द्या. दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे आहेत आणि मोफत आहेत. ओळींमध्ये जागा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. पिको ८ या छोटे, जुन्या धाटणीचे गेम बनवायच्या साधनात मात्र देवनागरीचा नाद सोडा. १२८ गुणिले १२८ पिक्सेलच्या पडद्यावर जोडाक्षराला जागा कुठून आणणार? शिवाय तुमचा गेम तपासणाऱ्या बहुतेकांना मराठी येणार नाही, तेव्हा इंग्रजीही ठेवा, नाहीतर शब्दच इतके कमी ठेवा की प्रश्न उरणार नाही.

वेळेचं गणित. सगळ्या घोषणा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपण साडेपाच तास पुढे. यूटीसीनं शुक्रवारी रात्री दहाला सुरू होणारा जॅम आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेतीनला सुरू होतो. गजर लावून उठू नका. सातला उठा, विषय वाचा, चहा घ्या. गेलेले साडेतीन तास नाहीतरी झोपेचेच होते. पण असा ४८ तासांचा जॅम सोमवारी पहाटे साडेतीनला संपतो, म्हणजे तुमची खरी मुदत रविवारी रात्री अकरा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घड्याळ एक तास सरकलंय का ते बघून घ्यावं.

४८ तासांतून दोन रात्रींची झोप चौदा तास काढा. जेवण, आंघोळ, घरच्यांशी दोन शब्द असे सहा काढा. उरले अठ्ठावीस. त्यातले दोन विचाराला, पाच राखाडी चौकोनांचा पहिला खेळता येणारा नमुना उभा करायला. तो इथेच इचवर चढवून द्या, म्हणजे काहीही झालं तरी हाती एक गेम आहे. दहा तास पातळ्या आणि मजकुराला, चार चित्रं आणि आवाजाला, तीन दुसऱ्यांना खेळायला देऊन दुरुस्त्या करायला आणि शेवटचे चार बिल्ड, पान, स्क्रीनशॉट आणि अपलोडला. चार म्हणजे फार वाटतात. शेवटच्या अर्ध्या तासात सगळी दुनिया एकदम अपलोड करत असते, हे धरलं की वाटत नाहीत. लुडम डेअर मुदतीनंतर तासभर देतं, पण तो गेम चढवायला आणि पान भरायला आहे, सातवी पातळी बसवायला नाही.

झोप कापणारे बरेच असतात. पहाटे चारला लिहिलेला कोड सकाळी दहाला पुसावा लागतो, तेव्हा हिशोब तोट्याचाच.

विषयाचा सराव मात्र करता येतो आणि कुणी करत नाही. जुने विषय घ्या. लुडम डेअरमध्ये २०१३ मध्ये ‘दहा सेकंद’ होता, २०१८ मध्ये ‘जागा संपत चाललीय’ या अर्थाचा, तर जीएमटीकेत २०२२ मध्ये फासे टाकण्याचा. दहा मिनिटांचं घड्याळ लावून एका विषयावर दहा कल्पना लिहा आणि पहिल्या तीन खोडा. फासे म्हटलं की पटावर लोळणारा फासा सगळ्यांनाच सुचतो. ‘बाबा इज यू’ हा गेम २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला. विषय होता ‘तिथे नाही’. आर्वी तेइकारी यांनी त्यातलं ‘नाही’ धरलं आणि नियमांचे शब्दच ढकलता येणाऱ्या ठोकळ्यांवर ठेवले. त्या कल्पनेला लागतं किती? चौकटींचा पट, ढकलणं, शब्द. निवड अशी करावी: एकच पडदा, एकच क्रियापद (ढकलणं, उडी, जोडणं, लपणं), तीन ते पाच मिनिटांत संपणारा. ‘ऑनलाइन मल्टिप्लेअर’ हे शब्द कुणी उच्चारले की त्याला चहा करायला पाठवा.

आधी सांगाडा करून ठेवणं बहुतेक ठिकाणी चालतं: मेनू, पुन्हा सुरू, आवाज बंद, एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाणं. कॉम्पोत असा जुना कोड वापरलात तर तसं सांगून टाका.

आवाजासाठी एसएफएक्सआर हे आवाज बनवायचं छोटं सॉफ्टवेअर शिकून ठेवा. ते २००७ मध्ये लुडम डेअरच्या दहाव्या फेरीसाठीच बनलं. एक बटण दाबलं की उडीचा, दुसरं दाबलं की नाण्याचा आवाज. ब्राउझरमधली त्याची रूपंही आहेत. तयार आवाज घ्यायचे असतील तर परवाना बघा. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स: सीसी शून्य म्हणजे मोकळं, सीसी बीवाय म्हणजे नाव द्यायचं. घेतानाच एका फाइलमध्ये नाव नोंदवा, रविवारी रात्री हा आवाज कुठून आणला ते आठवत नाही.

टीम असेल तर तिघे पुरे, आणि वाद झाल्यावर शब्द कुणाचा अखेरचा हे शुक्रवारीच ठरवा. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधून फाइलींची आदलाबदल बुधवारीच करून बघा. एकाच सीनमध्ये (गेमच्या एका भागाच्या फाइलमध्ये) दोघांनी एकदम हात घालायचा नाही. युनिटीत त्या गुंत्यातून सुटणं अशक्यासारखं असतं. युनिटीचा लायब्ररी फोल्डर गिटमध्ये टाकू नका. वीज जाते हे गृहीत धरा: राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, मोबाइलमध्ये पुरेसा डेटा आणि दर दोन तासांनी पेनड्राइव्हवर एक प्रत.

खेळायला देताना गेम न खेळणाऱ्या माणसाला द्या. आई, शेजारचा सातवीतला मुलगा, कुणीही. समोर बसायचं आणि ओठ मिटून घ्यायचे. “अगं, तिथे नाही, डावीकडे” असं तोंडून निघालं तर तेच वाक्य कागदावर लिहा. ते गेमच्या पहिल्या पडद्यावर असायला हवं होतं.

मुदत संपली की पहिल्या दिवशी झोपा आणि दुसऱ्या दिवसापासून इतरांचे गेम खेळा. लुडम डेअरमध्ये तुमच्या गेमला किमान वीस जणांनी गुण दिल्याशिवाय क्रमांक लागत नाही, आणि जो इतरांचे खेळून त्यांना गुण देतो त्याचा गेम यादीत वर येतो. या काळात गेम बंद पाडणारा दोष सापडला तर दुरुस्त करून चढवता येतो, नवीन पातळी मात्र घालता येत नाही. ती घालायचीच असेल तर वेगळी आवृत्ती म्हणून ठेवा आणि पानावर तसं लिहा.