ट्रेनिंग पाच दिवसांचं, पडताळणी ५३ दिवसांची

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये लागून मला वर्ष होत आलं, तरी विमानतळाच्या आत जाऊन काम करायला लागणाऱ्या पासासाठी घालवलेले ते ५३ दिवस डोक्यातून जात नाहीत.

मेडिकल, वर्ग, परीक्षा, सगळं पटापट झालं. गाडी अडली ती पोलिस पडताळणीत. आधारवर पत्ता जालना जिल्ह्यातल्या गावाचा, राहायला मी मुकुंदवाडीत. इथं म्हणाले, गावाकडचा अहवाल येऊ द्या. गावाकडं गेलो तर म्हणाले, आमच्याकडं कागदच आला नाही. एसटीनं चार खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला कळलं, कागद महिन्यापूर्वीच आलेला, गठ्ठ्यात तळाशी पडलेला! ज्यांच्या टेबलावर होता ते बंदोबस्ताला. तुम्ही जाल तेव्हा आधी जावक क्रमांक लिहून घ्या, तो दाखवल्यावरच माझा कागद शोधला गेला. आणि फॉर्मवर दोन्ही पत्ते पहिल्याच दिवशी लिहा. मी एकच लिहिला, दुरुस्तीत आठवडा गेला.

नुसता माझा पगार बुडाला असता तर सोसलं असतं. पण पास नसला की एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, पाऊल टाकता येत नाही, आणि बदली माणूस उभा करावा तर त्यालाही तेच ट्रेनिंग, तीच पडताळणी. माझ्या वाटणीचं काम शिफ्टमधले दादा लोक ओढत होते. विमान लागलं की चाकांना चॉक, म्हणजे ती सरकू नयेत म्हणून अडसर, भोवती इशाऱ्याचे शंकू, सामान उतरवणं-चढवणं, सगळं साधारण अर्ध्या तासात. माणूस कमी म्हणून घाई करायची सोय नाही. इंजिन थांबून विमानावरचा लाल बीकन दिवा विझल्याशिवाय जवळ जायचंच नाही. मग इथं उशीर, आणि तेच विमान पुढं जिथं जाणार तिथंही उशीर.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत. २६ एप्रिल १९९३ ला इथूनच उडालेलं विमान बीड रोडवर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबर रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचाही ठपका होता. वडील अजून ती गोष्ट सांगतात.

पास दुपारी मिळाला, संध्याकाळच्या विमानाला चॉक मी लावले. छाती भरून आली होती.

एक राहिलं. धोकादायक मालाचं ट्रेनिंग दर २ वर्षांनी पुन्हा करावं लागतं. तारीख टळली की ते काम बंद. मी मोबाइलमध्ये तीन महिने आधीचा गजर लावून ठेवलाय.