चाळीस टक्के म्हणजे नक्की किती?

काम ऐकताना सोपं वाटलं होतं. एका कंट्रोलर बोर्डाकडून चार वायरच्या पंख्याला जाणारा पीडब्ल्यूएम सिग्नल (भराभर वर-खाली होऊन पंख्याचा वेग ठरवणारा) मोजायचा आणि त्याची ड्युटी सायकल, म्हणजे प्रत्येक आवर्तनात तो किती टक्के वेळ वर असतो ते, नोंदवायची. मग बोर्ड बाजूला ठेवून तसाच सिग्नल डॅक कार्डातून (संगणकातून सिग्नल मोजायचं आणि तयार करायचं कार्ड) काढायचा आणि पंखा फिरवायचा. अशा पंख्यांची ठरलेली फ्रिक्वेन्सी २५ किलोहर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन ४० मायक्रोसेकंदांचं. बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये ड्युटी ४० टक्के लावलेली होती, म्हणजे सिग्नल १६ मायक्रोसेकंद वर, २४ खाली. दुपारपर्यंत उरकते म्हणून मी सांगून मोकळी झाले.

पहिली चूक सवयीची. व्होल्टेज मोजायचं म्हटलं की हात आपोआप अ‍ॅनालॉग इनपुटकडे जातो. सेकंदाला १ लाख सँपल, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक नोंदी, घ्यायचे, त्यातले दीड व्होल्टच्या वरचे मोजायचे, एकूण संख्येने भागायचं, झाली ड्युटी. स्क्रीनवर ५० टक्के आले. सेकंदभराने पाहते तर २५. पुन्हा ५०. मी आधी वायर हलवून पाहिली. आपण सगळे आधी तेच करतो.

वायरचा दोष नव्हता. १ लाख हे २५ हजारांच्या बरोबर चौपट. त्यामुळे एका आवर्तनात चारच सँपल पडत होते, १० मायक्रोसेकंदांच्या अंतराने आणि दरवेळी जवळजवळ त्याच जागी. एवढ्याशा पल्समध्ये त्यातला एक तरी बसणार, नाहीतर दोन. बोर्डाचं आणि कार्डाचं घड्याळ एकमेकांपासून किंचित सरकत राहतं, म्हणून काही वेळ एक, काही वेळ दोन. रेट मुद्दाम ९७ हजार केला, सँपल विखुरले आणि सरासरी ३८ च्या आसपास स्थिरावली. ३८ का, ४० का नाही, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. मी ते अ‍ॅनालॉगच्या खात्यावर टाकलं आणि पुढे गेले.

खरं तर हे काम काउंटरचं. माझ्या कार्डाच्या काउंटरला १०० मेगाहर्ट्झचं अंतर्गत घड्याळ आहे, म्हणजे एक टिक १० नॅनोसेकंदांची. सिग्नल वर असताना किती टिक पडल्या, खाली असताना किती, एवढंच तो मोजतो. ४० मायक्रोसेकंदांत ४००० टिक, म्हणजे ड्युटीतला ०.०२५ टक्क्याचा फरकही दिसायला हवा. पहिलं वाचन विचित्र आलं, कारण मोजणी पल्सच्या मध्येच सुरू झाली होती. ते टाकून दिलं. पुढची सगळी एकसारखी, ३८.२ टक्के.

आता मात्र अ‍ॅनालॉगवर ढकलायची सोय राहिली नाही. स्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावला. तो म्हणाला ३६.५.

प्रोग्रॅम ४० म्हणतो, काउंटर ३८.२, स्कोप ३६.५. उत्तर स्कोपच्या आकड्यात नव्हतं, चित्रात होतं. उतरती बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ, पण चढती बाजू टेकडीसारखी गोल. बोर्डाचं आउटपुट ओपन ड्रेन होतं. ते लाइन खाली खेचतं, वर मात्र ५ व्होल्टकडे खेचणाऱ्या पुल-अप रेझिस्टरनेच जायचं. पंखा न जोडता मोजायचं म्हणून पुल-अप मीच लावला होता, हाताशी होता तो १० किलोओहमचा. केबल आणि इनपुट मिळून साधारण २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) धरली, तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, २ मायक्रोसेकंदांचा. म्हणजे ५ व्होल्टकडे चढताना दीड व्होल्ट गाठायलाच ०.७ मायक्रोसेकंद जातात, अडीच गाठायला १.४. काउंटरचं इनपुट दीडच्या आसपास ‘वर’ मानत होतं, स्कोप उंचीच्या निम्म्यावर. ०.७ ला ४० ने भागा, १.८ टक्के. १.४ ला भागा, साडेतीन. दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते.

१० च्या जागी १ किलोओहम लावला. लाइन खाली असताना ५ मिलिअँपिअर वाहतात, तेवढे त्या आउटपुटला झेपणारे होते. काउंटरवर ३९.८ आले. तेव्हापासून नोंदवहीत ड्युटीच्या आकड्याशेजारी पुल-अपची किंमत आणि केबलची लांबीही लिहिते.

शून्य आणि १०० टक्क्यांचा घोळ थोडक्यात सांगते. तिथे सिग्नल हलतच नाही, मग काउंटर मोजणार काय? तो वाट पाहत बसतो आणि टाइमआउटची एरर देतो. एरर आली की ती लाइन डिजिटल इनपुट म्हणून वाचायची. वर असेल तर १००, खाली असेल तर शून्य.

सिग्नल तयार करणं त्या मानाने सरळ गेलं. १६०० टिक वर, २४०० खाली. ड्युटी चालू असताना बदलली तरी नवा आकडा पुढच्या आवर्तनापासून लागतो, अर्धवट पल्स बाहेर पडत नाही. खात्री करायला तेच आउटपुट दुसऱ्या काउंटरला जोडलं. ४०००, १६००, एका टिकचाही फरक नाही. खूश झाले. मग लक्षात आलं की दोन्ही काउंटर एकाच घड्याळावर चालतात. ते घड्याळ चुकत असतं तरी हेच आकडे आले असते. फ्रिक्वेन्सी स्कोपवर वेगळी तपासली, तेव्हा समाधान झालं.

पंख्याची पीडब्ल्यूएम लाइन पंख्याच्या आतूनच वर खेचलेली असते, म्हणून कार्ड थेट न जोडता मध्ये एक एनपीएन ट्रान्झिस्टर घातला. ड्युटी ४० वरून २० केली आणि पंखा जोरात फिरायला लागला. कार्डाचं आउटपुट वर गेलं की ट्रान्झिस्टर लाइन खाली खेचतो. माझे २० पंख्याला ८० दिसत होते. वरच्या आणि खालच्या टिकांची अदलाबदल केली, प्रश्न मिटला.

मोजमाप संपवून कार्डावरचं सिग्नल काढणारं टास्क थांबवलं. पंखा हळूहळू थांबेल म्हणून बघत होते, तर तो भरधाव सुटला. आउटपुट खाली गेलं, ट्रान्झिस्टर बंद, लाइन मोकळी; आणि लाइन मोकळी असली की पूर्ण वेगाने फिरायचं, अशीच या पंख्यांची रचना असते, म्हणजे कंट्रोलर मेला तरी हवा चालू राहते. समोरचे सगळे कागद टेबलाखाली गेले. आता मी आधी पंख्याची १२ व्होल्टची वायर काढते, मग टास्क थांबवते.