ऑगस्टमधलं केनेबा

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, असं ज्याला विचारलं त्याने सांगितलं. तेव्हा हवा कोरडी असते, हॉटेलं उघडी असतात आणि किनाऱ्यावर युरोपातली माणसं ऊन खात पडलेली असतात. मी ऑगस्टात गेले. माझी भाची लंडनला सार्वजनिक आरोग्य शिकते. तिच्या संस्थेचं संशोधन केंद्र गांबियात आहे आणि तिचं तिथलं काम पावसाळ्यातच होतं. "मावशी, तुला जे बघायचंय ते पावसातच दिसतं," असं ती फोनवर म्हणाली. माझी सगळी नोकरी जव्हार-मोखाड्यात अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून गेली, त्यामुळे ती काय म्हणतेय ते मला लगेच कळलं.

पिवळ्या तापाची लस, ते पिवळं कार्ड, विमानांची बदलाबदली हे सगळं यथासांग झालं. किनाऱ्यावर कोलोलीला काढलेल्या दिवसांबद्दल लिहावं असं काही नाही. बंद हॉटेलांच्या रांगेत एखादंच उघडं, आणि त्याच्याही नाश्त्याला आयात केलेला जॅम. ज्या देशात आंबा, काजू आणि शेंगदाणा पिकतो तिथे हे का, असा प्रश्न मला रोज पडायचा.

मग भाचीच्या कामाच्या गावी, केनेबाला निघालो. वाटेतलं ब्रिकामा शहर मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना भुईमूग, मध्येच ज्वारी-बाजरीचे उंच ताटवे, आणि अंतराअंतरावर पोलिसांची नाकी. प्रत्येक नाक्यावर आमचा ड्रायव्हर घरच्यांची, मुलाबाळांची, तब्येतीची चौकशी केल्याशिवाय पुढे जात नव्हता. मला ते आवडलं, भाचीला घाई होती. डांबरी सोडून तांबड्या मातीच्या रस्त्याला लागलो तेव्हा पाऊस सुरू झाला.

केनेबा हे नाव वैद्यकीय संशोधनात जगभर माहीत आहे, पण गाव म्हणून ते आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढंही नाही. ब्रिटिशांच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1947 मध्ये गांबियात केंद्र उघडलं, आणि 1949 पासून इयन मॅकग्रेगर नावाचे डॉक्टर केनेबात येऊ लागले. मलेरिया आणि कुपोषण यांचा अभ्यास करायला आलेल्या या माणसाने गावातल्या प्रत्येक बाळाची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या काळी शंभरातली चाळीसेक मुलं लहानपणीच दगावत. 1974 मध्ये केंब्रिजचं पोषणशास्त्राचं पथक इथे ठाण मांडून बसलं आणि गावाला मोफत दवाखाना मिळाला. आता हे सगळं केंद्र लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनकडे आहे. कियांग वेस्ट जिल्ह्यातल्या 36 गावांतला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, आलेला-गेलेला माणूस इथल्या नोंदींत असतो. आयुष्यभर जन्म-मृत्यूची रजिस्टरं तपासलेल्या बाईला ही नोंद बघताना काय वाटलं असेल ते माझ्या जुन्या सहकारी ओळखतील.

पहाटे बायका भाताच्या खाचरांकडे निघतात. भात बायकांचं, भुईमूग आणि बाजरी पुरुषांची, अशी वाटणी. नदीच्या फाट्यांना लागून खाजणाच्या कडेने खाचरं आहेत. गुडघाभर चिखलात, पाठीला बाळ बांधून, वाकून लावणी चाललेली. त्यांच्यातल्या काहीजणी उघड उघड गरोदर होत्या. घरातलं गेल्या वर्षीचं धान्य संपत आलेलं, नवं यायला अजून दोन-तीन महिने, काम मात्र वर्षातलं सगळ्यात जड, आणि त्यातच मलेरियाचे दिवस. मी बांधावर उभी होते आणि डोळ्यांसमोर मोखाड्यातली आवणी होती. तिथेही पोरीबाळी याच दिवसांत वाळतात. आमच्या वजनाच्या तक्त्यांवरची रेघ दरवर्षी जुलैपासून खाली यायची.

केनेबाने हा ऋतू मोजला, हे त्याचं मोठेपण. पावसाळ्यात बायकांचं वजन किती घटतं, बाळं किती हलकी जन्मतात, आईचं दूध किती येतं, सगळं. 1997 मध्ये इथल्याच नोंदींवरून असं दिसलं की भुकेच्या महिन्यांत जन्मलेली माणसं लहानपणी तगली तरी पंचविशीनंतर त्यांच्यात अकाली मरणाची शक्यता सुगीत जन्मलेल्यांच्या दहापट होती. पुढे बांगलादेशात हेच तपासलं तर तसं आढळलं नाही, त्यामुळे हे सगळीकडे लागू आहे असं कोणी म्हणत नाही. पण ती दहापट वाचून मी हातातला कागद खाली ठेवला होता.

दवाखान्यात माझी एक सकाळ गेली. बाळांना काट्यावर ठेवणं, दंडाला पट्टी गुंडाळून घेर बघणं, आयांचं रडणाऱ्या बाळाला उचलून पुटपुटणं, यातलं काहीच मला परकं नव्हतं. परकी होती ती रक्ताच्या नळ्यांची पेटी. गांबियात लोक संशोधनाला बोलताना सहज "रक्त घेणारे" म्हणतात, आणि ते रक्त विकलं जातं अशी कुजबुज पिढ्यान्‌पिढ्या आहे. यावर मानवशास्त्रज्ञांनी अभ्यासही केलेत. तिथल्या कार्यकर्त्याने मला शांतपणे सांगितलं की लोक चूक आहेत असं म्हणून भागत नाही, नळी कुठे जाते ते दरवेळी सांगावं लागतं.

मी भारतातली आहे हे कळल्यावर तिथली एक परिचारिका गप्प झाली, आणि मग तिने विचारलं, "ते सिरप तुमच्याकडचंच ना?" 2022 मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. हरियाणातल्या एका कंपनीच्या खोकल्याच्या आणि सर्दीच्या औषधांत डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल सापडल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. आपल्या सरकारने नंतर नमुने ठीक असल्याचं सांगितलं. मी तिला एवढंच म्हटलं की हो, आमच्याकडचंच. ज्या गावांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षं आपलं रक्त, दूध आणि वजन जगाला दिलं, त्या देशाच्या मुलांना आम्ही काय पाठवलं, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. डोमोडा होता, शेंगदाण्याच्या दाट रश्श्याचा, एरवी मी दोनदा मागून घेतला असता.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

दुपारी पाऊस थांबल्यावर भाची आणि तिचा सहकारी एका शेजारच्या गावात निघाले, मी मागे बसले. गावाच्या मधोमध मोठ्या झाडाखाली लाकडी फळ्यांचा पार, बंताबा. तिथे अलकालो म्हणजे गावचे मुखिया आणि दोन-चार म्हातारे बसले होते. त्यांना सलाम करून आम्ही एका घरी गेलो. साठीच्या पुढची एक बाई अंगणात शेंगा फोडत होती. मीही तिच्याजवळ बसून फोडायला लागले. हातांना काम असलं की बोलणं सोपं जातं, भाषा दुभाष्याकडून आली तरी. मी तिकडे भारतात बायकांच्या आहाराचं काम करायचे हे कळल्यावर तिने फोडलेल्या शेंगेतला दाणा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "याची बिस्किटं द्यायचे आम्हाला."

मला माहीत होती ती बिस्किटं. आमच्या प्रशिक्षणात या प्रयोगाचं नाव न घेता त्याचे आकडे सांगायचे. 1989 नंतरच्या पाच वर्षांत गांबियाच्या 28 गावांत गरोदर बायकांना शेंगदाणे, तांदळाचं पीठ, साखर आणि शेंगदाण्याचं तेल यांची बिस्किटं रोज खायला दिली, दिवसाला हजारेक उष्मांकांची. बाळांचं वजन सरासरी 136 ग्रॅमने वाढलं, भुकेच्या महिन्यांत तर 201 ग्रॅमने. मृत जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पोषणाच्या क्षेत्रात इतका स्पष्ट निकाल क्वचितच हाती येतो.

"चांगली होती का?" मी विचारलं.

"कडक होती. पण भाजलेल्या दाण्याचा वास यायचा. मुलं मागायची, मी देत नसे." ती हसली. मग हात थांबवून म्हणाली, "माझी बहीण पलीकडच्या गावात दिली होती. तिला पोटात असतानाच मिळाली. आम्हाला बाळंत झाल्यावर. माझी पहिली त्या पावसात झाली, आठ दिवस राहिली. तिकडच्यांना आधी आणि आम्हाला नंतर, हे कोणी ठरवलं?"

भाचीच्या सहकाऱ्याने तिला समजावलं. त्याने ते नीट केलं. काही गावांना गरोदरपणात द्यायची, काहींना बाळंतपणानंतर, आणि कोणाला कधी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं, कोणाच्या मर्जीने नाही. तसं केलं नसतं तर बिस्किटांनी फरक पडला हे कोणालाच सिद्ध करता आलं नसतं. बाईने मान हलवली. हे तिने आधीही ऐकलेलं असावं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तो हवा होता.

माझं मत मी भाचीला परतीच्या वाटेवर सांगितलं, इथेही सांगते. प्रयोग प्रामाणिक होता. दुसऱ्या गटातल्या बायकांनाही नंतर का होईना बिस्किटं दिली, कोणाला पूर्ण उपाशी ठेवलं नाही. माझी तक्रार पुढच्या वर्षांबद्दल आहे. निकाल 1997 मध्ये छापून आला. कुपोषण असलेल्या भागांत गरोदर बायकांना ऊर्जा आणि प्रथिनं देणारा पूरक आहार द्यावा, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या गरोदरपणाच्या मार्गदर्शिकेत 2016 मध्ये आली. मधल्या एकोणीस वर्षांत कियांगच्या खाचरांत किती बायका अर्धपोटी वाकल्या असतील? आणि ज्यांच्या पोटांवर हे शिकलो, त्यांच्या सुनांना आज दर पावसाळ्यात ती बिस्किटं घरापर्यंत पोचवणं ही कोणाची तरी जबाबदारी असायला हवी होती. संशोधकांची एकट्याची नाही. सरकारांची, देणगीदारांची, आपलीही.

तिथे अंगणात त्या बाईने मग मला विचारलं, "तुमच्याकडे देतात का? आधी?"

मी अभिमानाने सांगायला सुरुवात केली. 2015 पासून महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत अमृत आहार योजना आहे. अंगणवाडीत शिजवलेलं गरम जेवण, भात, भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं, आणि शेंगदाण्याचा लाडूसुद्धा. लाडू म्हणजे काय हे मी हाताने वळून दाखवलं. तिला ते पटलं, कडक बिस्किटापेक्षा बरं म्हणाली. कितव्या महिन्यापासून, असं तिने विचारलं. योजना आली तेव्हा शेवटच्या तिमाहीपासून होती, ते मी सांगितलं.

"इतक्या उशिरा?"

भाची शेजारी बसून होती, तिने माझ्याकडे बघितलं. कारण तिचं काम नेमकं याच गोष्टीवर आहे. केनेबातच 2014 मध्ये दिसून आलं की गर्भ राहतो त्या वेळी आईच्या रक्तात कोणती पोषकद्रव्यं किती आहेत, यावरून बाळाच्या जनुकांवरच्या रासायनिक खुणा बदलतात. पावसाळ्यात राहिलेल्या गर्भात त्या खुणा वेगळ्या, कोरड्या दिवसांत राहिलेल्यात वेगळ्या. म्हणजे बाईला स्वतःला दिवस गेल्याचं कळायच्या आधीच काहीतरी ठरून जातं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून असाच प्रयोग झाला होता, दिवस जायच्या आधीपासून लग्न झालेल्या बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. ज्यांनी गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधी सुरुवात केली त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमने जड निघाली, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण तुलनेच्या गटात 12.4 टक्के, तर हा खाऊ घेणाऱ्यांत 7.3 टक्के होतं. गांबियात आणि मुंबईत जन्मलेल्या त्या मुलांची पुढे एकत्र तपासणीही झाली. शाळेत न गेलेल्या त्या बाईने एका प्रश्नात बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं.

शेवटच्या तिमाहीआधी आमच्याकडे घरपोच आहाराची पाकिटं मिळतात, हेही मी सांगितलं. पण ती पाकिटं घरात गेल्यावर कोणाच्या ताटात जातात हे मी इतकी वर्षं बघितलंय, त्यामुळे माझा आवाज मलाच पोकळ वाटला. तिने विचारलं, तुमच्या बायकाही पावसात शेतात असतात? असतात. मग लाडू तिथे नेऊन देतात का? नाही, अंगणवाडीत यावं लागतं. ती काही बोलली नाही, शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. आतायाचा, म्हणजे तिथल्या हिरव्या चहाचा, तिसरा, गोड पेला येईपर्यंत आम्ही टोपली संपवली.

रात्री औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपले. अशा मच्छरदाण्यांनी लहान मुलांचे मृत्यू 63 टक्क्यांनी घटल्याचं 1991 मध्ये गांबियाच्याच गावांनी जगाला दाखवलं, आणि आज गडचिरोलीत आपण त्याच वाटतो. पुढचे दिवस पावसात गेले. तेंडाबाची नदी, मगरी, बांजुलचा बाजार, सगळं भाचीच्या फोटोंत आहे.

परत आल्यावर मी आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले आणि मग महिला व बालविकास विभागाला पत्र लिहिलं. त्यात दोनच मागण्या आहेत. गरम जेवण दिवस गेल्याची नोंद होते त्या दिवसापासून, आणि ते नवविवाहित मुलींनाही. आणि आवणीच्या महिन्यांत जेवणाचा डबा बांधावर पोचवण्यासाठी मदतनीसांना वेगळा भत्ता. जव्हारच्या दोन सेविकांनी यंदा स्वतःहून लाडू शेतावर न्यायला सुरुवात केली आहे, पायी, पावसात, भत्त्याशिवाय. पत्राला अजून उत्तर नाही. ज्यांची तिकडे ओळख असेल त्यांनी कृपया विचारणा करावी.